सिमेंटकाकांचा कवठाचा जॅम

कवठाचा जॅम होतो, असं सिमेंटकाका भर सभेत बोलून गेले, तेव्हा त्यांनी जन्मात साधा चहासुद्धा केलेला नव्हता. चहा ते प्यायचे आणि तो कसा व्हायला हवा होता यावर त्यांची ठाम मतं होती, पण स्वयंपाकघराशी संबंध तेवढाच. तरी बोलून गेले. उचलली जीभ लावली टाळ्याला हा प्रकार इमारतीच्या सभेत नेहमीचाच. फरक एवढाच, की इतरांच्या बोलण्याकडे कोणी लक्ष देत नाही आणि काकांच्या बोलण्याकडे नेमकं त्या दिवशी सगळ्यांनी दिलं.

विषय होता पंपाच्या खोलीशेजारचं कवठाचं झाड. ते कोणी लावलेलं नव्हतं. इमारत उभी राहिली तेव्हा काटेरी झुडूप म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि लक्ष जाईपर्यंत ते दुसऱ्या मजल्याला लागलं. दरवर्षी भरभरून फळं यायची आणि दरवर्षी ती कोणी खायचं नाही. कवठ हे फळच मुळात माणसाच्या सोयीचा विचार करून बनवलेलं नाही. ते सोलता येत नाही, कापता येत नाही, फोडावं लागतं, आणि फोडल्यावर आत जे दिसतं ते पाहून पुन्हा मिटवावंसं वाटतं. फळवाल्याकडे एखादं ठेवलेलं असलं तर गिऱ्हाईक ते हातात घेतं, हे काय म्हणून विचारतं, आणि केळी घेऊन जातं.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. बऱ्याच वर्षांच्या विचाराअंती त्यांनी नवी गाडी घेतली, आणि आवारात जागा मिळाली ती झाडाखालची. गाडी लावून ते उतरले, दार नीट लागलं का पाहायला मागे वळले, आणि एक कवठ टपावर पडलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं सेक्रेटरी म्हणाले. डॉक्टरांचं म्हणणं, कावळा रोजच बसायला लागला तर त्याला योगायोग म्हणत नाहीत. तसे ते भले गृहस्थ होते. इमारतीतल्या निम्म्या दाढा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांनी सभेत अगदी शांतपणे विचारलं, की ज्या झाडाचं फळ कोणी खात नाही ते ठेवायचं तरी कशासाठी.

काका म्हणाले, "जॅम होतो त्याचा."

काकांना झाडाचा एवढा पुळका यायचं कारण निसर्गप्रेम नव्हतं. झाड गेलं असतं तर काकांना बसायला जागा उरली नसती, एवढंच. त्याचं असं झालं होतं, की काकू घरी शिवणकाम करायच्या. पडदे, झगे, मुलींचे फ्रॉक, बायकांचे ब्लाउज, सगळं. मापं घ्यायला आणि घालून बघायला बायका यायच्या त्या दुपारी, जेवणापासून चहापर्यंत. काका निवृत्त झाल्यावर पहिल्याच दुपारी एक बाई एका हातात बाही आणि दुसऱ्या हातात टाचण्या घेऊन आरशाकडे निघाल्या, तर आरशासमोर काका वर्तमानपत्र वाचत बसलेले. बाई टाचण्यांसकट घरी गेल्या. त्या दिवसापासून काका जेवले की घडीची खुर्ची काखेत मारून खाली उतरायचे आणि चहाची हाक येईपर्यंत कवठाच्या सावलीत बसायचे. आवारात दुसरी सावली नव्हती. काका त्या जागेला ऑफिस म्हणायचे आणि तिथे कोणी गप्पा मारायला आलं तर कपाळाला आठी घालायचे. तसं कोणी फारसं यायचं नाही, कारण डोक्यावर कवठ पडायची भीती सगळ्यांना होती. काकांना नव्हती. ते जन्मभर सिमेंटच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेले गृहस्थ. काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, पाण्यात मुरवायचे, यंत्राखाली दाबून फोडायचे आणि किती भाराला फुटले ते लिहून ठेवायचं. माणसाचं डोकं किती भाराला फुटेल याचाही त्यांचा काही अंदाज असावा.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना ठोकळे पाडायचा लोखंडी साचाच मुलामा चढवून भेट दिला. काका तो दिवाणखान्यात मांडणार होते. काकूंनी त्यात दोऱ्याची रिळं भरली.

सभेत सेक्रेटरींनी निर्णय दिला. झाड तोडायचा ठराव डॉक्टरांनी वार्षिक सभेत मांडावा, आणि त्याच सभेत काकांनी जॅम आणावा. सभासदांनी चव घेऊन काय ते ठरवावं. सेक्रेटरी नियमाचे फार पक्के. ठराव ज्याने आणला त्यानेच, उभं राहून, स्वतःच्या तोंडाने मांडायचा, हा त्यांचा खास नियम. मागच्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांचा नेमका सभेच्या दिवशी घसा बसला होता. जिन्यातल्या दिव्याचा ठराव त्यांनी कागदावर लिहून आणला. सेक्रेटरींनी कागद परत दिला, पुढच्या वर्षी बोला म्हणाले, आणि जिन्यात अजून अंधार होता.

काका आधी सरळ मार्गाने गेले. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात जाऊन त्यांनी विचारलं, की बुवा हे झाड तोडता येतं का. खात्यातल्या कारकुनाने बराच वेळ शोधाशोध करून सांगितलं, की तुमच्या आवारात झाडच नाही. काका म्हणाले, मी रोज त्याखाली बसतो. कारकून म्हणाला, बसा की, आमची हरकत नाही, पण लावताना नोंद झालेली नाही, म्हणजे झाड नाही. मग तोडायला परवानगी लागेल का? नसलेल्या झाडाला परवानगी कशी देणार. मग ते वाचवता येईल का? नसलेलं झाड वाचवणार कसं. दोन्हीकडून तुम्ही मोकळे आहात, असं तो आनंदाने म्हणाला. काका तिथून बाहेर पडले ते थेट साखर घेऊनच घरी आले.

बातमी जिन्यात पसरायला वेळ लागला नाही. विमावाले येऊन सांगून गेले, की कशाचाही जॅम करा पण त्यात सफरचंद हवंच, त्याशिवाय त्याला जॅम म्हणता येत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी तर काकांना जिन्यातच गाठलं. मावशींना सगळ्यातलं सगळं यायचं आणि ते त्या अंधारातही सांगायच्या. त्यांचं म्हणणं, झाडावरून आपणहून पडलेलंच कवठ घ्यायचं. हातात घेऊन टाकून बघायचं, बद्द वाजलं तर पिकलेलं, टण्ण वाजून उसळलं तर कच्चं. काकांनी ऐकून घेतलं. पण आयुष्यभर खडीची परीक्षा घेतलेल्या माणसाला मालाची पारख कोणी शिकवावी, याचं त्यांना वाईट वाटलं. टण्ण वाजेल तो माल चांगला आणि बद्द वाजेल तो पोकळ, हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मावशींना साहित्याचं ज्ञान नाही असं त्यांनी मनात धरलं आणि आवारात बसून एकेक कवठ फरशीवर टाकून बघितलं. टण्ण वाजलेली सगळी त्यांनी निवडली. बद्द वाजलेली एका गोणीत भरून जिन्याखाली ठेवून दिली आणि विसरले.

आता कच्चं कवठ फोडणं म्हणजे काय, हे ज्याने फोडलंय त्यालाच ठाऊक. काकांनी ओट्यावर ठेवून हातोडी घातली. कवठ तसंच राहिलं, ओट्याची फरशी तडकली. मग दार आणि चौकट यांच्या फटीत धरून पाहिलं. दाराची बिजागरी सुटली. शेवटी ते गच्चीवर गेले आणि तिथे दोन्ही हातांनी घाव घालू लागले. वरचा आवाज इमारतीत कुठून येतो ते कळत नाही, त्यामुळे प्रत्येकाने तो शेजाऱ्याकडून येतोय असं धरलं आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचं दार वाजवलं. पुष्कळ जुनी भांडणं त्या दुपारी नव्याने झाली. डॉक्टरांकडे खुर्चीत तोंड उघडून पडलेला एक रोगी, काही न करताच दुखायचं थांबलं, असं सांगून उठून गेला.

तेवढ्यात वास सुटला. जिन्याखालच्या गोणीतली पिकलेली कवठं आपल्या कामाला लागली होती. पिकल्या कवठाचा वास वाईट नसतो, पण तो एका जागी राहत नाही. आंबूस, गोडसर, जड असा तो जिन्याने वर चढला आणि दाराखालून आत शिरला. विमावाल्यांना तो गॅसचा वाटला, मावशींना मेलेल्या उंदराचा. सेक्रेटरींनी नळवाल्याला बोलावलं. नळवाल्याने सांडपाण्याच्या वाहिनीची झाकणं उघडली, आणि मग खरोखरच वास सुटला. गोणी सापडली ती दुसऱ्या दिवशी. मावशींनी त्यातलं एक कवठ हातात घेतलं, टाकून बघितलं, ते बद्द वाजलं. त्या काकांकडे पाहून काही बोलल्या नाहीत. मावशी गप्प बसण्याचा हा प्रसंग इमारतीत पहिलाच, आणि काकांना तो बोलण्यापेक्षा जास्त लागला.

तरी त्यांनी माल बदलला नाही. गोणी मावशी घेऊन गेल्या आणि काकांनी कच्च्या कवठांचा गर पातेल्यात शिजायला टाकला.

शिजलेला गर गाळायचा असतो. चाळणीतून बिया जात होत्या, गाळणं लगेच तुंबत होतं. काकांनी घरातलं सगळ्यात बारीक विणीचं कापड शोधलं. ते शिवणयंत्रावरच घडी करून ठेवलेलं होतं, पांढरं, झिरझिरीत, पाहिजे होतं अगदी तसं. गर उत्तम गाळला गेला. काका इतके खूश झाले, की त्यांनी कापड पिळून दोरीवर वाळतसुद्धा घातलं. काकू बाजारातून आल्या आणि दोरीखाली उभ्या राहिल्या. ते डॉक्टरांच्या दवाखान्याच्या खिडकीचं कापड होतं. डॉक्टरांच्या पत्नीने स्वतः निवडून आणून दिलेलं.

काकू रागावल्या की आवाज चढवत नसत. त्यांनी कापड काढलं, उलटून पालटून पाहिलं, धुतलं. डाग जास्त पसरला. मग त्या काकांसमोर येऊन बसल्या.

"अहो, तुम्ही दुपारी खाली बसता म्हणून हे घर नीट चालतंय," त्या म्हणाल्या. "बायका निवांत येतात, मी निवांत शिवते. ते झाड गेलं तर तुम्ही भर उन्हात कुठे जाणार, हे माझ्याही डोक्यात रोज येतं. तुम्हाला वाटतं तुम्हालाच काळजी आहे."

हे झाड आपल्या एकट्याचं दुखणं आहे, असं काका समजून चालले होते. ते म्हणाले, "अगं, जॅम होणार आहे."

"होऊ दे. पण आता माझ्या कशालाही हात लावायचा नाही."

काकूंनी दुसऱ्या दिवशी तसंच नवं कापड आणलं, डॉक्टरांच्या पत्नीला घडलं ते सांगून टाकलं, आणि डागाळलेल्या कापडाचा पडदा शिवून स्वतःच्या स्वयंपाकघराला लावला. काकांना ओट्याशी उभं राहिलं की तो समोर दिसायचा.

मग साखर पडली. कच्च्या कवठाचा आंबट-तुरटपणा साखरेला दाद देईना, म्हणून आणखी पडली. रंग मात्र असा चढला, की काकू न बोलता दोनदा डोकावून गेल्या. गडद तांबूस, आरपार दिसणारा. आता प्रश्न होता तो झाला कधी म्हणायचा. विमावाल्यांनी कुठूनतरी वाचून सांगितलं होतं, की थंड बशीत थेंब टाकायचा, बोटाने ढकलायचा, आणि त्याला सुरकुती पडली की उतरवायचा. काकांनी थेंब टाकला. ढकलला. सुरकुती पडली. पण सुरकुती पडली म्हणजे मालात ताकद नाही, हे उघड होतं. ज्या थेंबाला बोटाचा भार सोसत नाही तो सभेचा भार काय सोसणार? काका ढवळत राहिले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सिमेंट आवळलं की नाही, हे प्रयोगशाळेत सुई टोचून बघतात. सुई आत गेली तर अजून वेळ आहे, गेली नाही तर झालं. आणि कवठ, त्यातून कच्चं, हे असं फळ आहे की त्याचा रस आवळायला निमित्तच शोधत असतो. मावशींनी हे सांगितलं असतं, पण त्या गप्प होत्या. काकांना काकूंच्या सुईला हात लावायची बंदी होती, म्हणून त्यांनी स्वतःची गोण शिवायची दाभण आणली आणि बशीत गार केलेल्या थेंबात वरचेवर टोचून पाहू लागले. दाभण जात होती. जात होती. मग जाईनाशी झाली, आणि मग बाहेर येईनाशी झाली. काकांनी समाधानाने गॅस बंद केला.

भराभर बरण्या भरल्या. आता प्रयोगशाळेचा नियम असा, की प्रत्येक घाण्यातला एक नमुना वेगळा ठेवायचा. सवयीने काकांचा हात साच्याकडे गेला. रिळं त्यांनी अत्यंत अदबीने, एकेक करून, जशीच्या तशी टेबलावर काढून ठेवली. साच्याला आतून तेलाचा हात दिला आणि उरलेला जॅम त्यात ओतून वर थापीसारखा सुरा फिरवला. मग बरण्या आणि साचा यांच्यावर ओली पोती घातली, कारण माल मुरल्याशिवाय ताकद धरत नाही. सकाळ-संध्याकाळ ते पोत्यांवर पाणी मारायचे. येणाऱ्या बायका हे काय म्हणून विचारायच्या. काकू सांगायच्या, जॅम आहे, आणि माप घ्यायला लागायच्या.

सभेच्या संध्याकाळी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि बरण्या पाटीत घालून खाली नेल्या. आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. सेक्रेटरींनी पावाच्या स्लाइसा मागवल्या होत्या आणि एका बरणीचं झाकण त्यांनीच उघडलं. चमचा घातला. चमचा गेला नाही. जोर केला. चमचा वाकला. त्यांनी वाकलेला चमचा नियमाप्रमाणे सगळ्यांना दाखवला आणि दुसरा मागवला. विमावाले म्हणाले, सफरचंद घातलं नाही ना. मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं आणि ते पुढच्या रांगेपर्यंत आलं. काका पाटीशेजारी उभे होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी एकदा झाडाकडे पाहून घेतलं.

डॉक्टर पुढे झाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं; घट्ट बसलेला दात काढायची त्यांना सवय होती, एवढंच. त्यांनी गाडीतून पेचकस आणला, बरणीत घातला, मनगट फिरवलं, आणि एक चांगला लिंबाएवढा गोळा बाहेर काढला. काकांना आपली हिंमत दिसावी म्हणून त्यांनी तो पुढच्या दातांनी चावला. सभेला पाठ करून ते काकांसमोरच उभे होते, त्यामुळे पुढचं फक्त काकांना दिसलं. दात रुतले. डॉक्टरांनी गोळा ओढला. गोळा सुटून हातात आला, आणि गोळ्यात एक दात पांढरा चमकत राहिला.

तो खरा दात नव्हता, वर बसवलेली टोपी होती. डॉक्टरांनी झटकन तोंडावर हात ठेवला. मागे त्यांचे सगळे रोगी बसलेले. दातांच्या डॉक्टरांचा पुढचा दातच बसवलेला आहे आणि तो जॅमने निघतो, हे त्यातल्या एकाला जरी कळलं असतं तरी दवाखान्याचा नवा पडदा बघायला कोणी आलं नसतं. डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. ज्यांचं झाड आपण तोडायला निघालो त्यांच्या हातात आपली अब्रू आहे, हे त्यांना कळलं होतं. काकांनाही कळलं. एक शब्द बोलायचा अवकाश होता. आधी खुसखुसलेले सगळे मग डॉक्टरांना हसले असते, आणि काकांना ते आवडलंही असतं. पण त्यांनी खिशातून रुमाल काढला, गोळा त्यात गुंडाळला आणि डॉक्टरांच्या खिशात सरकवला.

"जरा जास्तच मुरलाय," ते सभेला म्हणाले.

तेवढ्यात काकू जिन्यातून आल्या. त्यांच्या हातात साचा होता आणि खांद्यावर पडद्याच्या कडा शिवायचा जाड दोरा. वरून खिडकीतून त्यांनी चमचा वाकलेला पाहिला होता. त्यांनी साच्याचे बोल्ट सोडले, बाजू उघडल्या, आणि टेबलावर तांबूस काचेसारखा लख्ख ठोकळा उभा राहिला. तेलाचा हात दिलेला, त्यामुळे एक कोपराही तुटला नव्हता. काकांनी आयुष्यात पुष्कळ ठोकळे पाडले होते, पण असा नाही. काकूंनी दोरा दोन्ही हातांत ताणला आणि ठोकळ्यातून खाली ओढला. पातळ काप पडला. मग दुसरा. प्रत्येक काप त्यांनी पावावर ठेवला आणि एकेकाच्या हातात दिला, कोणाला हवा का न विचारता.

चव चांगली होती. हे काकांचं मत नाही, मावशींनी मान डोलावली. आंबट, गोड, शेवटी किंचित तुरट, आणि कशासारखी तरी जुनी ओळखीची, पण ती कशासारखी हे कोणाला सांगता येईना. सांगता न येण्याचं दुसरंही कारण होतं. पातळ असला तरी काप सिमेंटकाकांचा होता. तो वरच्या दाताला आणि खालच्या दाताला एकदमच धरायचा. सभा मन लावून, मान खाली घालून, नुसती चघळत होती.

सेक्रेटरी सभेचे अध्यक्षही असल्यामुळे कामकाज चालू असताना खात नसत. त्यांनी घसा साफ करून पुढचा विषय पुकारला. कवठाचं झाड तोडण्याचा ठराव. ठराव आणणाऱ्यांनी उभं राहून मांडावा.

डॉक्टर उभेच होते. तोंडावर हात होता. त्यांनी काकांकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, गाडीच्या टपाकडे पाहिलं. मग मान हलवून ते खाली बसले. सेक्रेटरींनी विचारलं, त्यांच्या वतीने दुसरं कोणी बोलणार आहे का, अर्थात नियमात ते बसत नाही, पण विचारतो. विमावाल्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तो बहुधा जिन्यातल्या दिव्याबद्दल असावा, पण नुसताच हुंकार आला. सेक्रेटरींनी वाट पाहिली आणि ठराव मांडला न गेल्यामुळे बारगळला असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी बोला, ते म्हणाले.

काकांचा आनंद इतका मोठा होता, की त्यांनी त्या रात्री स्वतः चहा केला. तो काकूंनी पुन्हा केला.

झाड राहिलं. डॉक्टरांनी टोपी गावाबाहेरच्या एका दंतवैद्याकडे गुपचूप बसवून घेतली आणि गाडी रस्त्यावर लावायला सुरुवात केली. काकांना भेटले की ते तोंड मिटून पण मनापासून हसायचे. सगळं ठीकच झालं असतं, पण एखादी गोष्ट उपयोगाची आहे असं चारचौघांत सिद्ध करून दाखवलं, की ती उपयोगाला येते. मावशींनी पिकल्या कवठांचा जॅम करून दाखवला. तो चमच्याने निघायचा. मग इमारतीतल्या सगळ्यांनाच कवठं हवीशी झाली. गाडीची जागा रिकामी झालेली, सावली आयती. दुपारची जेवणं झाली की मावशी सतरंजी घेऊन खाली यायच्या, मागोमाग आणखी बायका, पुरुष, पातेली, हातोड्या. पडलेलं कवठ कोणाचं यावर वाद व्हायचे आणि ते मिटवायला सेक्रेटरी यायचे. काकांनी आठी घालून पाहिली. कोणाचं लक्ष गेलं नाही. एकदा त्यांनी एक कवठ उचलून फरशीवर टाकलं, ते टण्ण वाजलं, आणि ते तोंड उघडणार एवढ्यात मावशी म्हणाल्या, "काका, तुम्ही राहू द्या. त्यातलं तुम्हाला कळत नाही. आणि खुर्ची थोडी उन्हात घेता का? इथे पातेलं ठेवायचंय."

काकांनी खुर्ची थोडी उन्हात घेतली. मग आणखी थोडी. मग घडी केली.

ते भर दुपारी जिना चढून आले आणि दारात उभे राहिले. आत आरशासमोर एक बाई टाचण्या लावलेल्या झग्यात उभ्या होत्या, काकूंच्या गळ्यात मापाची टेप होती. घामाने काकांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि काखेत खुर्ची होती. त्यांना फार लाज वाटली. झाड वाचवून झालं, आणि जागा गेली ती गेलीच. बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी काकांकडे पाहिलं.

"आत या," काकू म्हणाल्या. "पण तोंड भिंतीकडे करून बसा."

काकांनी कोपऱ्यात भिंतीला तोंड करून खुर्ची उघडली. मागे कापड सळसळलं, कात्री चालली. बाईंनी आरशातूनच विचारलं, काका, तो तुमचा ठोकळ्याचा जॅम परत कधी करणार, मावशींचा फार पातळ होतो. काकांनी भिंतीला सांगितलं की बघू. ऐकताना त्यांना जरा बरं वाटलं.

भिंतीत एक बारीक तडा होता. इतकी वर्षं त्या घरात राहून तो त्यांना दिसला नव्हता. त्यांनी अंगठ्याने चाचपला, नखाने खरवडला, कान लावून बोटाने वाजवून पाहिलं. मग मागे न बघता हात मागे केला आणि सुई मागितली. काकूंनी क्षणभर थांबून ती दिली. काकांनी सुई तड्यात घातली आणि ती कितपत आत जाते ते बारकाईने बघू लागले. मागे शिवणयंत्र सुरू झालं. चहापर्यंत त्यांना कोणी उठवलं नाही.